राखीव गोलकीपरची साक्ष

विचारताय म्हणून सांगतो.
माझ्या पाठीवर बावीस नंबर होता
आणि तीन वर्षांत मी एकूण अकरा मिनिटं खेळलो,
त्यामुळं बघायला वेळ भरपूर.

मिरजेत, कॉलेजच्या मागं, रुळांना लागून मैदान.
मालगाडी आली की सरांचं बोलणं थांबायचं,
शेवटची वाघीण गेली की त्याच शब्दापासून पुढं.
आवटी सर. आवाज जाड,
पण डोळे कशानंही भरायचे,
नाणेफेकीनंसुद्धा.

सेमीफायनलच्या आदल्या दुपारी
सर स्कूटर घेऊन घरोघर फिरले,
मालगाव रोडपासून रेल्वे क्वार्टर्सपर्यंत,
आणि एकेकाच्या आईचा आवाज मोबाइलात भरून आणला.
दुसऱ्या दिवशी फिजिक्सच्या लॅबमध्ये
आम्ही कपडे बदलत होतो,
फळ्यावर कुणाचं तरी भिंग अर्धवट काढलेलं.
सरांनी बटण दाबलं.

तौफिकची अम्मी आधी हसली, मग गप्प,
मग म्हणाली, संभालके खेल रे.
कुलदीपची आई नुसती रडली, मागं म्हैस ओरडत होती.
माझी म्हणाली, पाण्याची बाटली परत आण.
त्यावरही मी रडलो.
काय करणार, सगळेच रडत होते.

सॅमसनच्या पाळीला फक्त खरखर आली.
सहा-सात सेकंद.
त्याची आई आम्ही नववीत असताना गेलेली.
सर घरी गेले तेव्हा वडील
मिशन हॉस्पिटलची रात्रपाळी करून झोपले होते;
सर दारातूनच मागं फिरले, हाक न मारता.
हे नंतर कळलं.
त्या वेळी एवढंच दिसलं की सॅमसन लेस बांधतोय,
दोनदा गुंडाळून, घोट्यामागं गाठ,
रोज बांधायचा तशीच.

पहिली पंधरा मिनिटं आम्ही पिसाळलो होतो.
कराडवाल्यांना बॉलचा वाससुद्धा लागू दिला नाही.
मग एकेकाचे पाय शिशाचे होत गेले.
रडून झालं की अंग हलकं होतं म्हणतात.
हलक्या अंगाला धक्काही लवकर लागतो,
हे कुणी म्हणत नाही.
त्यांच्या कोचनं मध्यंतरात फक्त केळी वाटली.
दोन शून्य.

सॅमसन तेवढा ऐंशीव्या मिनिटालाही
पहिल्या मिनिटासारखाच धावत होता,
पोस्टमन जातो तसा, कुणाची वाट न बघता.

आता तौफिकच्या शंटिंगबद्दल.
गोल झाला की सगळ्यांनी एकमेकांची कंबर धरायची,
तो शिट्टी मारणार, गाडी दोन पावलं मागं,
मग धडाड, डब्यावर डबा.
सरांना तो थिल्लरपणा वाटायचा.
त्या दिवशी कुलदीपनं एक फेडला,
कॅप्टन ओरडतोय, बॉल आणा, सेंटरला आणा,
आणि हा पठ्ठ्या उलटा पळत आमच्या बाकड्याकडं.
मला दंडाला धरून उठवलं :
"चल, शेवटचा डबा तू."

वीस सेकंद गेली. सरांनी मोजली होती.
आम्ही दोन-एकनं हरलो.

तर अशा गोष्टींनी पोरं खेळतात का?
हिशेब तुम्हीच घाला.
आयांच्या आवाजाची पंधरा मिनिटं जमेला धरा,
उरलेली पंचाहत्तर कुठं मांडायची ते मला कळत नाही.
शंटिंगची वीस सेकंद तोट्यातच जातील.
पण सीझन संपलेला असताना
दुसऱ्या दिवशी पावणेसहाला
मी मोजे चढवून मैदानावर का गेलो,
याचं दुसरं कारण माझ्याजवळ नाही.

सॅमसन आधीच नळावर होता.
तोंड धूत म्हणाला, "बाटली नेलीस का परत?"
"नेली."
मग बराच वेळ नळ चालूच ठेवून :
"ती खरखर आमच्या पंख्याची होती.
ओळखला मी.
तिसऱ्या फेरीला अडकतो तो,
आई असल्यापासून."

मला काही सुचलं नाही.
त्यानं नळ बंद केला, बॉल ठेवला, वीस पावलं मागं गेला.
मालगाडी आली.
आम्ही थांबलो नाही.